आधी जत्रेची तिथी, मग कचेरीची वेळ

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी ५७ वर्षांची, डोंबिवलीला राहते. बँकेतून नुकतीच निवृत्त झाले. माझे पणजोबा मुंबईला गिरणीत नोकरीसाठी आले. ते ‘वेंगुर्ल्याकडचे’ एवढंच घरात माहीत आहे, गावाचं नाव कुणी सांगू शकत नाही. आजी म्हणायची, आपली देवी गोव्यात फोंड्याकडे. दशावतार, भजनं, शास्त्रीय गाणं हा माझा जीव की प्राण. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर व्हॅन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन आठवडे भाड्याने मिळते आहे. मोठी गाडी चालवायची सवय आहे. गाव शोधायचं आणि गाणंही ऐकायचं, दोन्ही एकाच फेरीत जमेल का? सुरुवात कुठून करू? आणि एकटीने जावं का?

उत्तर:

ताई, जमेल. एकटीने जायलाही हरकत नाही. पण गाव कळेपर्यंत गाडीची आगाऊ रक्कम भरू नका. गाव न कळता निघालात तर तीन आठवडे ‘वेंगुर्ल्याकडचं’ शोधण्यात जातील आणि हाती काही लागणार नाही.

दुसरं असं की, घराण्याचा शोध आणि गाणं या दोन कामांसाठी तुम्ही वेगवेगळे दिवस काढायचा विचार करत असाल, तर तो सोडा. सिंधुदुर्गात गावची जत्रा असते त्या रात्री मुंबईचे चाकरमानी, सासरी गेलेल्या माहेरवाशिणी, एरवी एकमेकांशी न बोलणारे भाऊबंदही देवळात येतात. तुम्हाला हवी ती माणसं आणि हवा तो दशावतार एकाच आवारात, एकाच रात्री भेटतात. त्यामुळे आधी जत्रेची तिथी पक्की करा. कचेऱ्या, घाट, गोवा हे सगळं तिच्या मागेपुढे बसवा.

गाव मुंबईतच शोधा

निघायच्या आधी निदान दोन महिने हातात ठेवा. घरातल्या ट्रंका, देवघराखालचे खण, जुन्या फोटोंच्या पाठी बघा. लग्नपत्रिका, जन्मटिपणं, शाळा सोडल्याचे दाखले तर बघालच, पण मनीऑर्डरची गावाहून परत आलेली पोचपावती हाती लागली तर ती सगळ्यात मोलाची. पणजोबा गावी पैसे पाठवत असणार. त्या चिठोऱ्यावर घेणाऱ्याचं नाव आणि पोस्टाचा शिक्का असतो. शिक्का पुसट असेल तर कागद सपाट ठेवून बाजूने तिरका उजेड पाडा आणि मोबाईलने फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा, पुष्कळदा अक्षरं उठतात. मात्र पोस्टाचं गाव म्हणजेच तुमचं गाव असं धरू नका. एका पोस्टाखाली आजूबाजूची अनेक गावं असत. त्या पोस्टाखालच्या गावांची यादी करा, शोध एवढ्यावर आला तरी निम्मं काम झालं.

‘वेंगुर्ल्याकडचे’ या शब्दाबद्दलही सावध राहा. त्या काळी माणसं वेंगुर्ला किंवा मालवण बंदरात बोटीवर चढून मुंबईला येत. त्यामुळे वेंगुर्ला हे गाव न सांगता बंदर सांगितलेलं असू शकतं आणि मूळ गाव आत कुडाळ तालुक्यातही असू शकतं. याचा कागदांवर थेट परिणाम होतो. वेंगुर्ला आणि मालवण हे इंग्रजी अमलातल्या रत्नागिरी जिल्ह्यात होते. कुडाळ, बांदा आणि सावंतवाडी हे महाल (तालुक्यासारखे विभाग) सावंतवाडी संस्थानात होते. संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आलं आणि १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. म्हणजे एकाच गावापुढे वेगवेगळ्या काळात ‘सावंतवाडी संस्थान’, ‘जि. रत्नागिरी’ आणि ‘जि. सिंधुदुर्ग’ असं लिहिलेलं सापडेल. तिन्ही नावांनी शोधा.

घरात काहीच मिळालं नाही तर गिरणगावात जा. लालबाग, परळ, डिलाईल रोड भागात एकेका गावच्या लोकांच्या सामायिक खोल्या असत आणि त्या चालवणारी ग्रामस्थ मंडळं होती. काही अजून आहेत. या मंडळांच्या वर्गणीच्या वह्या हा फार थोड्यांना सुचणारा कागद आहे. कोणत्या साली, कोणत्या वाडीतल्या, कुणी, किती वर्गणी दिली, हे त्यात ओळीने मिळतं. पणजोबांचा मृत्यू मुंबईत झाला असेल तर महापालिकेच्या त्या विभागातल्या कार्यालयातून मृत्यूचा दाखला काढा. गिरणीचं तिकीट, फंडाचे कागद, जुनं रेशनकार्ड, यांतही पूर्ण नाव आणि वय मिळतं. वयावर फार विसंबू नका, त्या काळी ते अंदाजानेच सांगत. पाच-सात वर्षांचा फरक सहज पडतो.

तिथी कशी धराल

त्रिपुरी पौर्णिमेपासून, म्हणजे कार्तिक पौर्णिमेपासून, जत्रा सुरू होतात आणि पुढे कित्येक महिने चालतात. सावंतवाडीजवळ सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा याच सुमाराला असते. तुमच्या गावची तिथी मंडळाकडून किंवा गावच्या देवस्थान समितीकडून तोंडी पक्की करा, आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा फोन करा. तिथी दोन दिवसांत विभागली गेली की शेजारच्या दोन गावांत वेगळा दिवस धरलेला असतो. एखाद्या मानकऱ्याच्या घरी सुतक आलं तरी बदल होतो. आजूबाजूच्या गावांच्या जत्रा आणि कोणत्या रात्री कोणती दशावतार कंपनी कुठे, हे स्थानिक वृत्तपत्रांच्या सिंधुदुर्ग आवृत्तीत येतं.

आखणी साधारण अशी ठेवा. जत्रेच्या आधी पाच-सहा दिवस तिकडे पोहोचा. त्यातले पहिले दोन कामाचे दिवस कचेऱ्यांना द्या. राज्य सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी असते, म्हणून सोमवारी सकाळी तिथे असाल असं निघा. नकला त्याच दिवशी मिळत नाहीत. अर्ज आधी देऊन ठेवायचा आणि परतीच्या वाटेवर त्या घ्यायच्या. जत्रा झाली की दोन-तीन दिवस घरोघरी जाण्यासाठी मोकळे ठेवा. मग गोवा, आणि शेवटी पुन्हा कचेरी.

कचेरीत काय मागायचं

“आमच्या घराण्याची माहिती हवी आहे” असं म्हणालात तर “नाही” एवढंच उत्तर मिळेल, आणि त्यात कारकुनाचीही चूक नाही. कागदाचं नाव घेऊन मागा. अर्ज साध्या कागदावर, कोर्ट फी स्टॅम्प लावून, गाव, अंदाजे सालं आणि व्यक्तीचं नाव लिहून द्या. सोबत आधारची प्रत आणि नातं दाखवणारा एखादा कागद जोडा. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा. जन्म-मृत्यूची ही जुनी नोंदवही सगळे ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखतात. व्यक्ती, बाप, जात, गाव, तारीख आणि मृत्यू असेल तर कारण, असं त्यात सापडतं. संस्थानी मुलखातल्या दप्तराची ठेवण वेगळी असू शकते. तिथे आधी गावाचं नाव सांगून त्या गावचं काय काय शिल्लक आहे ते विचारा, मग अर्ज लिहा. गावच्या जिल्हा परिषद शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्याचा प्रवेश-निर्गम उतारा मुख्याध्यापक देतात. पणजोबा शाळेत गेले नसतील, पण त्यांचा धाकटा भाऊ किंवा पुतण्या गेला असेल. त्याची नोंद मिळाली तरी बापाचं नाव आणि वाडी कळते.

जमिनीचे कागद वंशावळीसाठी फार उपयोगी पडतात. आजचा सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत. पण तो फक्त आजची नावं दाखवतो. तुम्हाला हवेत जुने फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. कुणी वारलं की वारसनोंदीचा फेरफार होतो आणि त्यात मुलं, विधवा, कधी मुलीसुद्धा नावानिशी येतात. एक चांगला वारस फेरफार म्हणजे एका पिढीची आयती वंशावळ. सातबाऱ्यावर गोलात फेरफारांचे क्रमांक असतात, ते टिपा आणि एकेक मागे जा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कूळकायद्याने पुष्कळ ठिकाणी मालकाचं नाव जाऊन कुळाचं लागलं. त्यामुळे तुमचं नाव १९५७ नंतर दिसत नसेल तर त्याआधीचे फेरफार बघा. नाव एकदम उगवलं असेल तर घराणं तिथे कुळाने कसत होतं असा अर्थ निघू शकतो.

विसाव्या शतकाच्या मध्याआधीचं हे सगळं बहुधा मोडी लिपीत मिळेल. मोडी शिकत बसायला तुमच्याकडे वेळ नाही, वाचणारा जाणकार गाठा. ते बहुधा पानावर पैसे घेतात. पण काही शब्दांची मोडीतली वळणं आधीच डोळ्यांखालून घाला, म्हणजे कोणत्या पानांचे फोटो काढायचे ते जागेवर कळेल: ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘मौजे’ गावाआधी आणि ‘तर्फ’ महालाखालच्या भागाआधी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत, म्हणून आडनावाच्या एका अक्षरावरून निष्कर्ष काढू नका. जुन्या नोंदींत आडनाव नसणं हेही नेहमीचंच.

सालाचा घोळ मात्र नीट समजून घ्या, इथेच पुष्कळांचं घोडं पेंड खातं. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो. फसली सनात ५९० किंवा ५९१. त्याहून जुन्या कागदांत शुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘सीत सबैन मया व अलफ’ असं दिसलं तर सीत सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, एकूण ११७६. त्यात ५९९ मिळवा, १७७५ आला. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांतला कागद असेल तर १७७६ धरायचा. वहीत उतरवताना मूळ साल जसंच्या तसं लिहा आणि शेजारी इसवी सन लिहा. नुसता इसवी सन लिहिलात तर पुढे चूक सापडणार नाही.

आणखी एक सापळा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती. त्यामुळे ‘रामा बिन बाबाजी’, ‘बाबाजी बिन रामा’, पुन्हा ‘रामा बिन बाबाजी’ अशी साखळी मिळते, आणि दोन वेगळे रामा एकच समजून आख्खी पिढी गळते. दोन पिढ्यांत सरासरी २५ ते ३० वर्षं धरून सालं तपासा. बाप-लेकाच्या जन्मात ६० वर्षांचं अंतर आलं तर मधला कुणीतरी सुटला आहे असंच समजा. सारखी आडनावं एका गावात चार वाड्यांत असतात, म्हणून प्रत्येक नावापुढे वाडी आणि सर्व्हे नंबर लिहायचाच.

जत्रेची रात्र

आता जिथे खरं काम होतं तिथे येऊ. दुपारी २ ते ६ झोप काढा, हे पहिलं. गाडी दिवसाउजेडी लावा, देवळापासून तीन-चारशे मीटर अलीकडे, तोंड बाहेरच्या दिशेला. संध्याकाळी खाजं, भजी, खेळण्यांची दुकानं रस्त्याच्या दोन्ही कडांना लागली की सकाळपर्यंत मोठी गाडी निघत नाही. कुणगा, म्हणजे भाताचं खाचर, कितीही सपाट दिसला तरी त्यात उतरू नका. नोव्हेंबरात भात कापलेलं असतं आणि वरून जमीन सुकलेली दिसते, पण साडेतीन टनांच्या गाडीचं मागचं चाक खाली रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. आणि माडाखाली कधीच लावू नका. वरच्या काचेवर नारळ पडला तर फेरी तिथेच संपेल.

ओटी आधी भरून घ्या, तेव्हा आवारात माणसं निवांत असतात. एखादी म्हातारी तुम्हाला न्याहाळून विचारेलच, “कोणाची गो तू?” तिथून सुरू करा. पणजोबांचं नाव, मुंबईत काय करत होते, घरात कोणतं नाव पुन्हा पुन्हा येतं, एवढंच सांगा आणि ऐका. पुरुषांपेक्षा साठी-सत्तरी ओलांडलेल्या माहेरवाशिणींना जास्त विचारा. कुणाची मुलगी कुठल्या गावी दिली, कोण निपुत्रिक गेला, कोणतं घर का बंद पडलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. कागदावर स्त्रिया अमक्याच्या बायका म्हणूनच येतात, माहेरचं नाव फक्त बोलण्यातूनच मिळेल. गावकर आणि मानकरी यांच्याकडून दुसरी गोष्ट मिळते: देवळात कोणत्या घराला कोणता मान आहे, गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढच्या विनवणीत, कुणाची नावं घेतात. मान बंद पडला असेल तर तो घेणारं घराणं परगावी गेलं असेल, ते तुमचंच असू शकतं.

यात एक फार मोठी अडचण आहे आणि ती स्पष्टच सांगायला हवी. मुंबईची कुणी अनोळखी बाई येऊन घराणं विचारू लागली की गावात पहिली शंका येते, ही जमिनीत हिस्सा मागायला आली. कोकणात एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं आहेत आणि भावकीतले दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तेव्हा ही भीती खोटी नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पहिल्याच बोलण्यात सांगा: मला जमीन नको, वंशावळ हवी आहे, तयार झाली की तुम्हालाही प्रत देईन. सातबाऱ्याची प्रिंट हातात घेऊन कुणाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पाऊल टाकू नका. बरोबर जुने फोटो न्या, मूळ फोटो नव्हे, मोठ्या केलेल्या प्रती. फोटो बघून माणसं आपणहून बोलतात. कोर्टात चालू असलेल्या वादाबद्दल कुणी सांगू लागलं तर ऐकून घ्या, मत देऊ नका, लिहूनही घेऊ नका.

बोलणं ध्वनिमुद्रित करायचं तर जत्रेत नको, तिथे काहीच ऐकू येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घरी जा. परवानगी घ्या, पंखा बंद करायला सांगा, फोन विमान मोडवर टाकून बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव, वाडी आणि सांगणाऱ्याचं नाव तुम्ही बोला. चाळीस मिनिटांच्या वर थांबू नका, म्हातारी माणसं दमतात आणि मग नावांची सरमिसळ होते.

पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला, कधी त्याहून उशिरा, दशावतार उभा राहतो. आधी आडदशावतार, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर, मग रात्रीचं मुख्य आख्यान आणि पहाटे दहीकाला. काही जण आडदशावतार चुकवून आख्यानालाच येतात. तुम्ही तसं करू नका. पेटी, मृदंग आणि झांज यांचा मेळ तिथेच ऐकायला मिळतो, आणि गळाही ताजा असतो. वादक बसतात त्या बाजूला, पण ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यापासून दूर, जागा धरा. चटई, शाल आणि कानटोपी हवीच, पहाटे तीननंतर दव असं पडतं की चटई ओली होते. आख्यानाला लिखित संहिता नसते, नट जागेवर संवाद रचतात, त्यामुळे एकच आख्यान दोन कंपन्यांकडून ऐकण्यात मोठी गंमत आहे. चित्रण करायचं तर कंपनीच्या मालकाला विचारा, आणि फ्लॅश नको.

डबलबारी भजनाची चौकशीही जरूर करा. दोन बुवा समोरासमोर, एकाने गजरातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि पखवाज व चकवा (झांजेचा प्रकार) यांची जी जुगलबंदी रंगते ती प्रत्यक्षच ऐकायला हवी. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे, तिथे जाऊन गाण्यासह सादरीकरण बघता येतं. आधी फोन करा.

रात्रभर जागल्यावर सकाळी गाडी सुरू करायची नाही. हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नका. अकरापर्यंत झोप, जेवण आणि दोननंतरच चावी फिरवा. लागोपाठ दोन रात्री जत्रा धरू नका, मधे एक पूर्ण रात्र झोपेची हवी. एकटीने चालवताना चाकावरची जागा घ्यायला दुसरं कुणी नसतं.

गाडीचं

भाड्याची गाडी घेताना नोंदणी पुस्तकात ती कॅम्पर किंवा मोटर कॅराव्हान म्हणून नोंदलेली आहे ना, ते डोळ्यांनी बघा. साध्या ट्रॅव्हलरमध्ये परस्पर बिछाना आणि गॅस बसवला असेल तर अपघातात विमा अडतो. गोव्याची हद्द पात्रादेवीला ओलांडाल, त्यासाठी परवाना आणि कर भरणं कुणाकडे, हे मालकाकडून लेखी घ्या. टायरवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी, बदलून मागा. या गाड्या वर्षातले बरेच दिवस उभ्या असतात आणि रबर आतून तडकतं. गाडीची उंची मीटरमध्ये कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. वाड्यांत घराकडे जाणाऱ्या विजेच्या तारा खूप खाली लोंबतात, आणि दोन गडग्यांमधली पाणंद ट्रॅव्हलरला पुरत नाही. शंका आली की गाडी मुख्य रस्त्यावर ठेवा आणि चालत जा.

डोंबिवली ते कुडाळ एका दिवसात करू नका. मुंबई-गोवा महामार्गावर काही टप्पे छान झालेत, काही रखडलेत. सरासरी वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर धरा आणि चिपळूण-संगमेश्वरच्या दरम्यान मुक्काम करा. उताराला दुसरा गिअर, ब्रेकवर सतत पाय ठेवाल तर तो तापून धरेनासा होतो.

विजेचा हिशेब करून ठेवा. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १२८० वॉट-अवर, त्यातली हजारभर वापरा. तुमची रोजची गरज: छोटा फ्रीज ४५०, पंखा २५० (२५ वॉट, १० तास), दिवे ५०, फोन-लॅपटॉप १२०, पंप २०, म्हणजे ९००च्या आसपास. २०० वॉटचं सौर पॅनेल उघड्या जागी ७००-७५० देतं, झाडाखाली त्याच्या चौथाईवर येतं, आणि गावात जागा बहुधा झाडाखालीच मिळते. दोन तास गाडी चालली तर २० अँपिअरच्या चार्जरने ५०० परत येतात. म्हणून जत्रेच्या गावात तीन दिवस उभी राहणार असाल तर दुसऱ्या रात्री बॅटरी बसेल. फ्रीज बंद करा आणि चटणी, पोहे, कांदे-बटाटे यांवर भागवा. इंडक्शन शेगडी तर नकोच, १५०० वॉट म्हणजे बॅटरीतून १२५ अँपिअरच्या वर ओढ.

कुणाच्या घरातून वायर ओढायची वेळ आली तर अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर वापरा आणि आधी टेस्टर प्लग लावून अर्थिंग बघा. जुन्या घरांत ते पुष्कळदा नसतं, आणि मग गाडीच्या पत्र्याला हात लावला तरी झटका बसतो. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की प्रवाह तोडणारा स्विच, आहे याची खात्री करा. पाच किलोचा सिलिंडर तीन आठवडे आरामात पुरतो. चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद, स्वयंपाक करताना खिडकी उघडी, आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो.

पाणी ६० लिटर असेल तर दोन ते अडीच दिवस. शौचाची कॅसेट, म्हणजे संडासाची बाहेर काढता येणारी टाकी, एकटीला तीन दिवस पुरते. ती रिकामी करायला लॉज किंवा घरमालकाची परवानगी घ्या आणि सेप्टिक टँकच्या संडासातच ओता. फॉर्मेलिन असलेलं रसायन वापरलंत तर त्यांच्या टाकीतले जिवाणू मरतात आणि ती तुंबते, म्हणून जैविक द्रव मागा. ओहोळात तर कधीच नाही.

एकटीच्या मुक्कामासाठी क्रम असा: ओळख झालेल्या घराचं खळं, देवस्थानाचं आवार समितीला विचारून, लॉजचं आवार थोडे पैसे देऊन, आणि काहीच नसेल तर चोवीस तास चालणारा पेट्रोलपंप. निर्जन किनारा नको. रोज रात्री मुक्कामाचं ठिकाण घरच्या एकाला कळवा, आणि वाडीत रेंज नसेल म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या.

गोवा

फोंड्याकडची देवी म्हणजे कोणती, हे गावात कळेलच, कारण तुमच्या भावकीत कुणीतरी अजून तिकडे जात असेल. कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, बांदोड्याची महालक्ष्मी, शिरोड्याची कामाक्षी, या सगळ्या त्या एकाच तालुक्यात आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात सासष्टी, बारदेश, तिसवाडीतून अनेक देव तिकडे नेले गेले. देवळाच्या कार्यालयात ‘आम्ही कुळावी आहोत का’, म्हणजे ही आमची कुलदेवी का, असं विचारा. महाजन, म्हणजे देवस्थानच्या कारभारात हक्क असलेले, कोण याची यादी वेगळी असते, १९३३ च्या देवस्थान कायद्याने ती ठेवावी लागते. तुमचं आडनाव तिच्यात नसलं म्हणून कुळावी नाही असं होत नाही. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, एक खोली घ्या, गाडी आवारात लावा. स्नान, पाणी, वीज सगळं सुटतं. उघड्यावर चूल मांडायला पर्यटनस्थळी बंदी आहे आणि दंड होतो, स्वयंपाक गाडीच्या आतच.

मंगेशीला सोमवार धरून जा, त्या संध्याकाळी पालखी वाद्यांसह निघते. फोंडा तालुक्यातलं केरी हे केसरबाई केरकरांचं गाव, त्यांचा जन्म १८९२चा. पणजीला कला अकादमीत त्यांच्या नावाने सुरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह भरतो, बहुधा नोव्हेंबरच्या सुमाराला. तारखा जाहीर झाल्या की बघा. गाडी पणजीत आत नेऊ नका, फोंड्याला ठेवून बसने जा. रात्रीची शेवटची बस कितीची ते आधी विचारा, नाहीतर परतीच्या टॅक्सीचं ठरवून ठेवा.

समारोह आणि गावची जत्रा नेमकी एकाच दिवशी आली तर समारोह सोडा. तो पुढच्या वर्षी रेल्वेने जाऊनही ऐकता येईल. ऐंशी-पंच्याऐंशीच्या ज्या माहेरवाशिणी यंदा देवळाच्या पायरीवर बसलेल्या भेटतील, त्यांना भेटायला यंदाच जायला हवं.